बाण नसलेला बोर्ड

सगळी माणसं अगदी शिस्तीत उभी होती. पॅकिंगची रांग, प्लँटची रांग, लॅबची रांग, कँटीनवाल्यांची रांग. कोणी धावलं नाही, कोणी कोणाला ढकललं नाही. माझ्या बोर्डावरच्या चित्रात दाखवलं होतं तिथेच, गेटच्या बाजूला, येऊन थांबली होती. आणि धूर सरळ त्यांच्याच अंगावर चालला होता.

धूर खोटा होता, हे आधीच सांगते. आमच्या महाडच्या एमआयडीसीत, बिरवाडीजवळ, एक केमिकल फॅक्टरी आहे. तिथे मॉक ड्रिल चाललं होतं. मॉक ड्रिल म्हणजे संकटाची रंगीत तालीम. गॅस गळलाय असं धरून चालायचं, भोंगा वाजवायचा आणि माणसं सुरक्षित जागी नीट पोचतात का ते बघायचं. खरा गॅस कुठे गेला असता ते दिसावं म्हणून टाकीजवळ धुराचं नळकांडं पेटवतात. मी गेले होते गेटपासची छापलेली कार्डं द्यायला. सेफ्टी ऑफिसर मोरे म्हणाले, "काकू, थांबा की. तुमचं चित्र कसं कामाला येतंय ते बघून जा." म्हणून मी ऑफिसच्या गच्चीवर त्यांच्या शेजारी उभी होते.

लॅबच्या रांगेत माझी सून मानसी होती. धुरात तिचा पांढरा कोट दिसेनासा झाला. मग परत दिसला. ती शेजारच्या मुलीशी काहीतरी बोलून हसत होती. मला काही हसू येईना.

मोरेंनी खालच्या रांगा मोजल्या. मग म्हणाले, "काकू, आज खरा गॅस असता ना, तर या रांगांमधलं..."

वाक्य अर्धंच सोडून ते जिन्याकडे वळले.

झालं काय होतं, ते नीट सांगते. फॅक्टरीच्या टाकीवर उंच खांब आहे. त्याला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा कापडी मोजा अडकवलेला असतो. विमानतळावर असतो तसा. त्याला विंडसॉक म्हणतात, पण तिथे सगळे पिशवी म्हणतात. वारा रुंद तोंडातून आत शिरतो आणि पिशवीचं निमुळतं टोक वारा जिकडे चाललाय तिकडे उडतं. टोक जिकडे, गॅस तिकडे. म्हणून माणसाने दुसरीकडे जायचं. फॅक्टरीत जमायच्या दोन जागा आहेत, एक गेटच्या बाजूला आणि एक मागे पंपहाउसच्या बाजूला. पिशवी बघायची आणि दोन्हीतली बरोबर जागा निवडायची, एवढाच खेळ.

माझ्या बोर्डावर पिशवीचं टोक पंपहाउसकडे होतं आणि मोठ्ठा हिरवा बाण गेटकडे. चित्र काढायला मोरेंनी मला जो फोटो दिला होता तो दुपारचा. आमच्याकडे दुपारी वारा दासगावच्या खाडीकडून वर येतो. सकाळी तो डोंगराकडून खाली उतरतो. ड्रिल सकाळी होतं. वारा गेटकडे चालला होता. पण बोर्ड सांगत होता गेटकडे जा. माणसं बोर्डाचं ऐकून गेली. वर कोणी बघितलंच नाही.

"चित्र मीच पास केलं होतं," मोरे जिना उतरताना म्हणाले. मुलाच्या वयाचा माणूस, पण चेहरा एकदम थोराड झाला होता. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मनाला काय लावायचं," मी म्हटलं. "माझी सून तिथे रोज जाते. दुसरं चित्र करते."

माझं महाडला छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, कार्डं, हल्ली मोबाईलवर पाठवायची आमंत्रणं. मला हे कोणी शिकवलं नाही. मुलाने जुना कॉम्प्युटर भंगारात काढला होता, तो मी जाऊ दिला नाही. बटणं दाबत गेले. चुकलं की कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं पुसून मागे यायचं. संसारात एवढी सोय नव्हती, त्यामुळे मला ते बटण फार आवडलं. आता कॉम्प्युटर चांगला घेतलाय, तो माळ्यावर असतो. महाडात राहणारं माणूस किमती वस्तू जमिनीवर ठेवत नाही. सावित्री नदीच्या पुराची आणि आमची जुनी ओळख आहे.

पहिला उपाय मी सोपा काढला. एका बोर्डावर शेजारी शेजारी दोन चित्रं. डावीकडे सकाळचा वारा, उजवीकडे दुपारचा. एकसारखी दिसू नयेत म्हणून डावीकडे पळणारी बाई काढली, उजवीकडे पुरुष. प्रिंट काढून कँटीनमध्ये घेऊन गेले. तिथे पॅकिंगच्या बायका जेवत होत्या. त्यातली सुगंधा माझ्या ओळखीची. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आणि तिची वाडी आमच्या वाडीच्या पलीकडची. या बायका आठवडाभर बिरवाडीत खोली घेऊन राहतात आणि सुट्टीला वाडीवर जातात. सुगंधाने प्रिंट हातात धरून लांब केली.

"हे बरं केलंत काकी," ती म्हणाली. "बायकांचं नि बाप्यांचं येगळं."

"काय वेगळं?"

"संडास." मग शेजारणीकडे वळून, "पण त्या बाजूला संडास कधी बांधला गो? मला कोन बोललंच नाय."

सगळ्या हसायला लागल्या. मीही हसले. प्रिंटची घडी करून पिशवीत टाकली.

घरी आल्यावर मानसीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, वारा बदलतो हेच तर सांगायचंय ना. मग बदलताना दाखवा की. तुम्ही दिवाळीच्या शुभेच्छांत पणती हलवता, तसं."

आता इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगते. चित्र तयार झालं की ते कॉम्प्युटरमधून बाहेर काढावं लागतं, त्याला एक्स्पोर्ट म्हणतात. एकच चित्र वेगवेगळ्या रूपात बाहेर निघतं. जेपीजी म्हणजे साधा फोटो, हलका, कुठेही उघडतो. पीएनजी जरा जड, पण अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात आणि मागचा भाग रिकामा ठेवता येतो. ही दोन्ही स्थिर. जिफ म्हणजे हलणारं चित्र. वहीच्या कोपऱ्यांवर आपण माणूस काढून पानं फडफडवायचो, तसंच ते. थोडी चित्रं एकामागून एक येतात, संपली की पुन्हा पहिल्यापासून. आणि एमपीफोर म्हणजे सरळ व्हिडिओच.

मी जिफ केली. पिशवी गेटकडे उडते, माणसं पंपहाउसकडे जातात. पिशवी फिरते, माणसं थांबतात, वर बघतात, गेटकडे वळतात. पहिल्यांदा ते पडद्यावर हललं तेव्हा मी चहा प्यायची विसरले. इतकी वर्षं हे काम करते, तरी आपण काढलेलं माणूस चालायला लागलं की छातीत काहीतरी होतं. पण धूर खराब दिसत होता. जिफमध्ये रंग मोजकेच बसतात. धुराचे फिकट पदर एकमेकांत विरघळायला हवेत, त्याच्या पट्ट्या पट्ट्या झाल्या होत्या. म्हटलं, असू दे. समजण्याशी कारण.

फॅक्टरीच्या आत मोबाईल नेऊ देत नाहीत, ते गेटवर जमा होतात. म्हणून दाखवायचं कँटीनच्या टीव्हीवर. मोरेंनी पेनड्राइव्ह लावला. फॅक्टरी मॅनेजरही आले होते. टीव्हीवर चित्र आलं. पिशवी, माणसं, धूर. सगळे बघत राहिले. चित्रही आमच्याकडे बघत राहिलं.

"हलत नाही," मॅनेजर म्हणाले.

"हलेल सर," मोरे म्हणाले.

हललं नाही. बऱ्याच टीव्हींना जिफ कळत नाही. त्यांना तो फोटो वाटतो, आणि पहिलं चित्र दाखवून ते गप्प बसतात. हे मला माहीत नव्हतं, तिथे उभं राहून कळलं. आणि पहिलं चित्र कुठलं, तर सकाळच्या वाऱ्याचं. म्हणजे टीव्ही दिवसभर एकच सांगत राहिला असता, पंपहाउसकडे जा. जुन्या बोर्डाची चूक उलटी करून पुन्हा भिंतीवर.

मोरेंनी पेनड्राइव्ह काढला. "काकू, पुढच्या ड्रिलला बाहेरची तपासणी टीम येणार आहे. ती टीम मला फार तर झापेल. मला भीती वेगळीच आहे. त्या आधीच कधी खरं झालं तर?"

दुसऱ्या दिवशी मी तेच एमपीफोर करून आणलं. धूर छान विरघळत होता, टीव्ही गुमान चालवत होता. जेवणाच्या सुट्टीत बायकांनी मान वर करून बघितलं. संपलं की पुन्हा सुरू, संपलं की पुन्हा सुरू.

"झ्याक झालंय," सुगंधा म्हणाली. "टोक जिकडं, तिकडं पळायचं."

मी टीव्हीकडे बोट केलं. "नाही गो. टोक जिकडं, तिकडं गॅस."

"मग टोक कशाला काढलंत? टोक म्हणजे बाणच की. बाण जिकडं दाखवल तिकडंच जायचं असतंय." तिने दाराकडे बोट केलं. दारावर 'बाहेर' लिहिलेलं होतं आणि खाली बाण. तोही माझ्याच दुकानातला.

बाकीच्याही माना डोलावत होत्या. आणि मला पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांनी ती पिशवी दिसली. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती, चांगली रंगीत, उंचावर बांधलेली. बाणच होता तो. इतकी वर्षं खांबावर लटकून माणसांना गॅसच्या दिशेने जायला सांगणारा. माझं चित्र हलत होतं, धूर विरत होता, पण सुगंधा धुराकडे बघतच नव्हती. धूर तिला ढगासारखा शोभेचा वाटला होता.

मी बाकावर बसून राहिले. शेजारी एकजण भाजलेले शेंगदाणे हातावर चोळत होती. चोळून झाल्यावर ती दाराकडे जराशी बाजू करून बसली आणि एका तळव्यातून दुसऱ्या तळव्यात दाणे ओतायला लागली. दारातून येणाऱ्या वाऱ्यावर सालं उडून मोकळ्या बाजूला गेली. तिचं बोलणं चालूच होतं. तिने काही विचारसुद्धा केला नव्हता.

मी म्हटलं, "सुगंधा, खळ्यावर भात उपणतेस ना गो? फोलपटं डोळ्यांत जातात का?"

"कशी जातील? मी काय वाऱ्याच्या पुढ्यात उभी राहत्येय?"

"मग कुठे राहतेस? दाखव जरा."

ती उठली. हातात सूप असल्यासारखे हात धरले. क्षणभर थांबली. दारातून येणारा वारा गालावर लागला असावा, कारण ती पायाने किंचित सरकली आणि वळली. हात डोक्याच्या वर नेऊन सूप हलवायला लागली. "अशी," म्हणाली. तिला बघून दुसरी उठली. मग तिसरी. कोणी कोणाकडे बघून वळलं नाही. प्रत्येकीने थोडं थांबून आपापला वारा घेतला आणि कँटीनमधल्या झाडून सगळ्या बायका एकाच बाजूला तोंड करून, रिकामे हात वर धरून, नसलेलं भात पाखडत उभ्या राहिल्या. भांडी घासणारा बिहारी बाबूसुद्धा हात पुसत आला आणि त्याच बाजूला वळून उभा राहिला. त्यांच्याकडेही असंच करतात म्हणाला.

आमच्या आईला मी खळ्यावर अशीच बघितली होती, पाठीमागे डोंगर आणि पुढ्यात सोनेरी फोलपटांचा पट्टा. त्या पट्ट्यात पाऊल टाकलं की ती ओरडायची. वाऱ्याची वाट सोड, म्हणायची. हे ज्ञान या सगळ्यांच्या पायांत होतं. टाकीवरच्या पिशवीला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी मी चित्र मुळापासून बदललं. पहिल्यांदा सूप. सुपातून भात खाली पडतं, फोलपटं वाऱ्याबरोबर लांब जातात. बाई वाऱ्याला आडवी उभी. मग तेच सूप वर वर जातं, खांबाला लागतं आणि त्याची पिशवी होते. फोलपटं पिशवीच्या टोकातून निघतात आणि त्यांचा धूर होतो. माणसं वर बघतात, आधी धुराच्या वाटेतून आडवी बाहेर पडतात, मग वारा जिकडून येतोय तिकडे चालायला लागतात. वारा फिरतो, पिशवी फिरते, फोलपटं फिरतात, माणसं फिरतात. बाण एकही नाही. एमपीफोरमध्ये काढलं. आवाज ठेवला नाही, कँटीनमध्ये तसाही ऐकू येत नाही. फाइल हलकी ठेवली, म्हणजे व्हॉट्सॲपवरून पोलादपूरच्या वर, जिथे एकाच दगडावर उभं राहिल्यावर रेंज येते, तिथेही ती उतरेल.

टीव्हीवर लागलं तेव्हा सुगंधाने जेवण थांबवलं. दोनदा बघितलं. मग शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "फोल जातंय तिकडं जायचं नाय." बस. मला दुसरं सर्टिफिकेट नको होतं.

आता उरला बोर्ड. प्लँटच्या आत टीव्ही नाही, मोबाईल नाही. तिथे स्थिर चित्रच लागणार. मी मोरेंना नवं डिझाइन दिलं. काळं आकाश, मध्ये नारिंगी पिशवी समोरून दिसणारी, तोंड आपल्याकडे, कुठेच टोक नाही. खाली एक बाई आणि एक पुरुष, दोघांच्या माना वर. अक्षरं एवढीच: आधी वर बघा.

मोरे डोकं खाजवायला लागले. "काकू, बाण कुठाय?"

"नाही."

"बाण नसलेला सेफ्टी बोर्ड? तपासणीवाले विचारतील, माणसाने जायचं कुठे."

"ते बोर्डाला माहीत नाही मोरेसाहेब. बोर्ड भिंतीवर आहे. वारा बाहेर आहे. बोर्डाने फक्त मान वर करायला लावायची, बाकी पिशवी सांगेल."

त्यांनी डिझाइन पुन्हा एकदा हातात धरून बघितलं. मग म्हणाले, "छापा. बोलणी खाईन मी."

पुढच्या ड्रिलची वेळ कोणाला सांगितली नव्हती. मोरेंनी मला मात्र आदल्या दिवशी फोन केला होता. तपासणी टीमबरोबर मी त्याच गच्चीवर उभी होते. जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. भोंगा वाजला. टाकीजवळ धूर उठला आणि गेटकडे निघाला.

दारं उघडली. माणसं बाहेर आली. आणि पहिल्या पावलालाच सगळ्यांच्या माना वर गेल्या. वरून बघताना फार वेगळं दिसतं ते. नुसती डोकी दिसत असतात, आणि एकदम सगळे चेहरे दिसायला लागतात. मग ती आडवी वळून बाजूच्या रस्त्याला लागली आणि पंपहाउसकडे चालायला लागली. लॅबमधून पांढरे कोट निघाले. त्यात मानसी. तीही वर बघत होती.

तेवढ्यात धूर सरळ वर जायला लागला. वारा पडला होता. आमच्याकडे खाडीचा वारा सुरू व्हायच्या आधी मध्ये थोडा वेळ असा जातो, पानसुद्धा हलत नाही. पिशवी लोंबकळली. मोरेंनी कठडा घट्ट धरला. हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

खाली सगळी माणसं थांबली.

कोणी हुकूम दिला नाही. शिट्टी नाही, कर्णा नाही. एवढी माणसं रस्त्यावर मधोमध, माना वर करून, एका फडक्याकडे बघत उभी. हेल्मेटवाले ऑपरेटर, पदर खोचलेल्या बायका, कँटीनचा बाबू, बूटवाले इंजिनिअर. इतकी शांतता की टाकीवरच्या पंपाचा आवाज गच्चीवर येत होता. सुगंधाने हात थोडा पुढे केला, तळवा आडवा. सूप धरतात तसा. पुढच्या बाईनेही केला.

मग पिशवीने अंग हलवलं. थोडी फुगली. फिरली, आणि टोक पंपहाउसकडे गेलं. धूर वाकून तिच्यामागे गेला. आणि ती सगळी माणसं, जशी पिकावरून झुळूक जावी तशी, पुढच्यापासून मागच्यापर्यंत वळली आणि शांतपणे बाजूच्या रस्त्याने गेटकडे चालायला लागली.

तपासणी टीममधल्या बाईंनी लिहायला काढलेलं पेन तसंच हातात होतं. त्यांनी मोरेंना विचारलं, "यांना कोणी सांगितलं वळायला?"

मोरेंनी नुसतं वर पिशवीकडे बोट केलं. मी देवळात जाते, पालखीला जाते, पण त्या दिवशी गच्चीवर जसे हात आपोआप जोडले जायला निघाले, तसं क्वचितच होतं. एवढ्या माणसांना एकाच वेळी एकच गोष्ट कळताना बघणं, हे मोठं दर्शन आहे.

गेटच्या बाजूला रांगा लागल्या. धूर मागे पंपहाउसवरून डोंगराकडे जात होता. एकाही माणसाच्या अंगाला तो लागला नव्हता. मानसीचा कोट लख्ख दिसत होता. घरी जाताना मी तिला विचारलं, मध्येच थांबलीस तेव्हा काय वाटलं. ती म्हणाली, "काही नाही आई. वारा कळत नव्हता, तर कुठे जाणार? थांबले." जणू काय विशेष केलंच नव्हतं.

बाण का नाही, हे टीमने विचारलंच. मोरेंनी त्यांना कँटीनमध्ये नेऊन टीव्हीसमोर बसवलं आणि चहा दिला. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

आठवड्याने मोरेंचा फोन आला. आगीचे लाल सिलिंडर कसे वापरायचे, त्याचा बोर्ड हवा होता. पिन ओढा, नळी धरा, दांडी दाबा, एवढंच.

"काकू, हे पण हलणारं करायचं का? लोकांना फार आवडलंय."

"सिलिंडरची पिन सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला असते का?"

"नाही हो. एकाच जागी असते."

"मग जेपीजी," मी म्हटलं. "बाण घालून देते."